नऊ फुटी रॉड आणि दहा कड्या : बांधणीच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५, मालाड

यंदा पाऊस २६ मेलाच दारात. मढच्या खडकांवर आता ऑगस्टपर्यंत पाय ठेवायचा नाही, शेवाळ धरतं. तेवढ्या काळात बाबांचा मासे पकडायचा स्पिनिंग रॉड दुरुस्त करावा म्हणून बसले. काम एवढंच होतं की दोरी ज्यांतून जाते त्यांतली खालून दुसरी कडी बदलायची. दुकानात तिला गाइड म्हणतात, बाबांसाठी ती कडीच. मेच्या सुरुवातीला एक चांगला मासा, बाबांच्या मते तांब, लीडरच्या (दोरीच्या टोकाला गाठीने जोडलेल्या जाड तुकड्याच्या) वर दोरी तुटून गेला. मी गाठीला दोष दिला. बाबा म्हणाले, "गाठ खंय तुटली गो? कडयेन कापल्यान."

घरी येऊन कानात घालायचा कापूस प्रत्येक कडीतून फिरवला. बाकी सगळीकडून गुळगुळीत फिरला, दुसऱ्या कडीत त्याचे तंतू अडकले. आतल्या काळ्या रिंगला केसाएवढी चीर होती, डोळ्यांना दिसत नव्हती. तंगूस (एकसंध नायलॉनची दोरी) असता तर कदाचित महिनाभर चाललं असतं. ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतूंची विणलेली दोरी अशा चिरेवर घासली की एकेक तंतू कापत जाते. ज्यांचे मासे कारण नसताना सुटतात त्यांनी आधी हा कापूस फिरवून बघावा, एक रुपयाचंही काम नाही.

कडी रॉडवर दोऱ्याचे वेढे देऊन, वर इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून कडक होणारा) लेप लावून बसवतात. तो जुना दोरा सोडवताना मी घाण केली. मी शिवणकाम करते, टाके उसवायची सवय हाताला, त्यामुळे ब्लेड सरळ वेढ्यांत घातलं आणि ओढलं. ब्लेड कडीच्या पायावरच (दोऱ्याखाली बांधलेल्या चपट्या भागावर) चालवायचं असतं, खाली धातू असतो म्हणून. मी पायाच्या पुढे गेले आणि काळ्या ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर, दोन सेंटिमीटरचा ओरखडा उठला. नखाला लागतो. कार्बनच्या पोकळ नळीला असा ओरखडा म्हणजे पुढच्या ओढीला तिथेच मोडणार. बाबा काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

तर आता दुरुस्ती नाही, नवीन रॉडच बांधायचा.

पुढच्यांसाठी : आधी हेअर ड्रायरने वेढे गरम करा, इपॉक्सी मऊ पडते. मग ब्लेड आडवं धरून पायावरून तासल्यासारखं काढा. शेवटची कडी मी तशी काढली, चार मिनिटांत दोरा सालीसारखा निघाला. आणि त्या सालीखाली कडीचा पाय तपकिरी गंजलेला होता. वरून बघितलं तर चकचकीत.

गुरुवार, १२ जून

ब्लँक आला. नऊ फूट, दोन तुकडे, २० ते ५० ग्रॅमच्या लुअरसाठी (नकली आमिषासाठी), ५,२०० रुपये. रीलसीट (रील बसवायची जागा) आणि मुठीचा फोम १,४००. रील बाबांचीच, ४००० साइझची.

मुठीबद्दल इथे लिहीत नाही, ते काम सरळ झालं.

रविवार, १५ जून

कड्या निवडायला लागले आणि डोकं फिरलं. दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात हे कळायलाच दोन दिवस गेले : फ्रेम कशाची आणि आतली रिंग कशाची. रिंग दोरीसाठी, फ्रेम हवेसाठी. आपल्याकडची हवा खारी, त्यामुळे मुंबईत फ्रेमकडे आधी बघा. सगळे लोक रिंगवर भांडतात.

रिंगमध्ये साधी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, मग फुजी कंपनीची अ‍ॅल्कोनाइट, मग सिलिकॉन कार्बाइड, अशी भावाची शिडी. फ्रेममध्ये स्टेनलेस किंवा टायटॅनियम. टायटॅनियम गंजत नाही, पण पूर्ण सेटचा भाव ऐकून मी फोन ठेवला. ब्लँकपेक्षा कड्या महाग, असलं काम आमच्या घरात चालायचं नाही.

तेव्हा ऑनलाइन एक स्वस्त सेट मागवला, दहा नग ७८० रुपये, वर लिहिलेलं 'स्टेनलेस'. शंका होतीच. म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक लिटर पाणी आणि ३५ ग्रॅम मीठ घातलं, समुद्राच्या पाण्यात साधारण तेवढंच असतं. त्यात दोन कड्या सोडल्या : एक या सेटमधली, एक मैत्रिणीच्या भावाने दिलेली फुजीची सुटी कडी. बरणी खिडकीत ठेवली. आईने तिला आवळ्याचं पाणी समजून झाकण उघडलं, तो वेगळा विषय.

गुरुवार, १९ जून

चौथ्याच दिवशी स्वस्त कडीच्या जोडावर, जिथे पाय आणि गळा मिळतात तिथे, नारिंगी डाग. आज पाण्यात गंज उतरलाय. फुजीची जशीच्या तशी. ७८० पाण्यात गेले, अक्षरशः.

पण मग एक प्रयोग सुचला. कडीचा पाय ब्लँकवर ठेवायच्या आधी त्याचं टोक कानशीने घासून पातळ करतात, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर पायरी न अडखळता चढतो. तसा चांगल्या कडीचा पाय घासला आणि तीच कडी पुन्हा बरणीत सोडली.

सोमवार, २३ जून

चांगल्या कडीलाही गंज! फक्त घासलेल्या टोकावर, बारीक लाल ठिपके. दिवसभर वाटत राहिलं की मलाही नकली माल मिळाला. संध्याकाळी बाबांनी कानस हातात घेऊन विचारलं, "हेनां आधी काय घासलंस?" कात्रीची पाती आणि गॅसच्या शेगडीचा लोखंडी पाय. म्हणजे कानशीच्या दातांत बसलेला लोखंडाचा कीस मी स्टेनलेसमध्ये घासून भरला होता. तोच गंजला, आणि त्याने आजूबाजूला डाग पसरवले. जुन्या रॉडच्या पायाखालचा गंजही असाच आला असेल का, आता विचारणार कोणाला.

उपाय असा केला. नागदेवीतून नवी बारीक कानस आणली, तिच्यावर मार्करने 'कडी' लिहिलं आणि घरात सगळ्यांना बजावलं. घासल्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२००, टोक आरशासारखं होईपर्यंत. ओरखडे राहिले की त्यांत मीठ बसतं. पायाच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपायचं, कंगोरा लागला तर तोही मोडायचा, नाहीतर तो ब्लँकमध्ये रुततो. एका पायाला साधारण सात मिनिटं. अशी घासलेली कडी पुन्हा बरणीत टाकली आणि आठवडाभराने काढली, स्वच्छ होती.

रविवार, २९ जून

शेवटी अशी निवड केली. टिपटॉप (अगदी टोकावरची कडी) आणि सगळ्यात खालची मोठी कडी सिलिकॉन कार्बाइडची, कारण दोरीचा घर्षणाचा सगळा मार या दोन जागी बसतो. मधल्या सगळ्या स्टेनलेस फ्रेमच्या, अ‍ॅल्कोनाइट रिंगच्या. खालच्या दोन दुहेरी पायाच्या, वरच्या एकपायी म्हणजे हलक्या. फ्रेम पुढे झुकलेल्या मागवल्या. वाऱ्यात ब्रेडेड दोरीची गुंडाळी कडीवर बसली तर उताराने निसटून जाते, सरळ फ्रेमवर ती अडकून बसते.

वरच्या कड्या ५ नंबरच्या घेतल्या, कारण जितकी लहान तितकी हलकी आणि रॉडचं टोक तितकं चपळ. ५ म्हणजे फ्रेमच्या रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, दोरी जायचं भोक त्याहून लहान. हे वाक्य मी त्या दिवशी नीट वाचायला हवं होतं.

शनिवार, ५ जुलै

ब्लँकचा कणा शोधला. वरचा तुकडा टेबलावर टेकवून मधे तळहाताने दाबत फिरवला की एका जागी तो झटकन वळतो, तिथे शिंप्याच्या खडूची रेघ. टिपटॉप गरम ग्लूने बसवलं. फेव्हिक्विक लावू नका, ते टोक कधीतरी बदलावं लागतंच आणि मग ब्लँकसकट कापावं लागतं. माझ्या टोकाचा व्यास २.२ मिलिमीटर, टिपटॉपची नळी २.४. शिलाईच्या दोऱ्याचे अंतर ठेवून दोन-दोन वेढे देऊन पोकळी भरली.

रविवार, ६ जुलै

आज कड्यांच्या जागा. सुरुवातीला एक हिशेब सगळे सांगतात : स्पूलच्या (रीलवर दोरी गुंडाळली जाते त्या फिरकीच्या) ओठापासून स्पूलच्या व्यासाच्या २७ पट अंतरावर दोरीची मोठी वलयं आवळून सरळ व्हायला हवीत, तिथून पुढे लहान कड्या. आमच्या रीलचा स्पूल ४८ मिलिमीटर, म्हणजे १,२९६. त्यावरून तक्ता केला, सायकलच्या ट्यूबचे बारीक गोल कापून कड्या ब्लँकवर अडकवल्या. चिकटपट्टीपेक्षा हे चांगलं, बोटाने सरकवता येतात.

पहिलीच अडचण : १६ नंबरची कडी तक्त्याप्रमाणे बरोबर दोन तुकड्यांच्या जोडावर येत होती. जोडावर कडी बांधली तर तो भाग कडक होतो आणि रॉड काढता-घालताना दोरा सुटतो. ती वर सरकवावी लागली. मग बाकीच्या सगळ्या हलल्या.

दुसरी गंमत वाकवल्यावर कळली. मूठ खिडकीच्या ग्रिलला जुन्या ओढणीने बांधली, रॉड हॉलभर आडवा, टोक स्वयंपाकघराच्या दारात. दोरी सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला किलोभर रव्याची पिशवी टांगली. बाबा खाटेवर बसून बघत होते, आई रव्याकडे. सरळ उभा असताना रॉड सुरेख दिसत होता. वाकल्यावर वरून चौथ्या आणि पाचव्या कडीच्या मधे दोरी ब्लँकला चाटत होती. आणि दुसऱ्या कडीपाशी दोरीला काटकोनासारखा मोडता कोपरा. तिथे मासा ओढला असता तर सगळा ताण एका ठिकाणी.

चौथी दीड सेंटिमीटर खाली, मग तिसरी, मग पुन्हा चौथी. दोन तास गेले. शेवटी दोरी वाकाच्या बाजूने सावलीसारखी चालू लागली. टोकापासून मोजून लिहून ठेवलेली अंतरं मिलिमीटरमध्ये : १००, २१०, ३३०, ४६०, ६०५, ७७०, ९६५, १२१०, १६१०. वरच्या सहा लहान, मग १०, १६, २५ नंबर. हे आकडे तुमच्या ब्लँकला लागू पडणार नाहीत. रवा लागू पडेल.

शनिवार, १२ जुलै

बांधायच्या आधी फेकून बघायचं ठरवलं, ट्यूबच्या गोलांवर चिकटपट्टी आवळून. पहाटे मार्वेच्या किनाऱ्यावर, भरती उतरताना, रिमझिम. तीन फेका मस्त गेल्या. चौथ्यात लीडर आणि दोरीची गाठ वरच्या ५ नंबरच्या कडीत अडकली, खट्ट आवाज आला आणि ६५० रुपयांचा लुअर एकटाच समुद्रात उडाला. मी बघत राहिले, अगदी छान लांब गेला.

गाठ माझी डबल युनी, ४० पौंडाच्या लीडरची, जाड येते. ती ५ च्या भोकातून नेम धरूनच जाते. बाबांनी एफजी गाठ शिकायला सांगितलं, ती सडपातळ असते. पण अंधारात, ओल्या हातांनी, वाऱ्यात मी ती बांधणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून ५ नंबरच्या सहा कड्या बाजूला, ११०० रुपये. मी पाय घासले होते म्हणून दुकानाने परत घेतल्या नाहीत, त्यात त्यांची चूक नाही. ७ नंबरच्या मागवल्या. कडी आपल्या गाठीच्या मापाची घ्यायची, फोटोतल्या रॉडच्या नाही.

रविवार, २० जुलै

दोऱ्याचा विषय. इथे मी तोऱ्यात होते. बावीस वर्षं शिवणयंत्रावर बसते, दोऱ्यातलं मला कोण शिकवणार? रॉडचा नायलॉन दोरा ए साइझचा, एक रीळ २३० रुपये. माझ्याकडे भरतकामाचा पॉलिस्टर दोरा, मोरपंखी, ३५ रुपयांचं रीळ, जाडी हाताला तशीच, चमक त्याहून जास्त. भुलेश्वरहून दोन रिळं आणलेली पडूनच होती.

ताण कसा ठेवावा याचं उत्तर मात्र यंत्रानेच दिलं. सगळे सांगतात की दोरा जाड पुस्तकात दाबून ओढा. मी जुन्या शिवणयंत्राची वरची टेन्शनची चकती काढून फळीवर ठोकली. माप बॉबिन केसचं : दोऱ्याला धरून केस टांगायची, स्थिर राहिली पाहिजे, मनगटाने हलका झटका दिला की दोन बोटं खाली सरकली पाहिजे. तेवढ्याच ताणावर स्क्रू आणला. जास्त आवळलं तर मग कडी रेषेत आणायला ढकलता येत नाही, आणि टोकाकडचा पातळ ब्लँक आवळून दुखावतो. कमी ठेवलं तर वेढे बोटाने सरकतात.

सुरुवात ब्लँकवरून, पायाच्या टोकाच्या अर्धा सेंटिमीटर आधी, दोऱ्यावरच दोरा चढवून. पहिल्या कडीला ५५ मिनिटं लागली. पायरी नीट घासलेली होती तिथे दोरा आपोआप चढला, एका पायाला कंटाळा केला होता तिथे नेमकी फट पडली, तिच्यातून पाय दिसत होता. संपवायच्या आठ वेढे आधी दुहेरी दोऱ्याचा फास ठेवायचा, शेवटी टोक त्यातून घालून वेढ्यांखालून ओढून घ्यायचं. मग वेढे चमच्याच्या पाठीने घासून एकमेकांत बसवायचे.

एकपायी कड्यांना एक जादा कुलूप लागतं. पायावरचे वेढे कडीच्या मानेपर्यंत आले की दोरा मानेच्या पुढच्या अंगाला टाकून तिथे चार-पाच वेढे घ्यायचे आणि तिथेच संपवायचं. नाहीतर कधीतरी कडी दोऱ्याखालून दातासारखी निसटते.

रविवार, २७ जुलै

तीन मोरपंखी कड्यांवर इपॉक्सी लावली. दहा मिनिटांत दोऱ्यावर खड्डे पडायला लागले, मध्ये कोरडं आणि भोवती कडा, माशाच्या डोळ्यासारखे. ब्रशने भरले की पुन्हा उघडतात. तेलकट कागदावर पाणी पडल्यासारखं.

कारण मला माहीत असायला हवं होतं. भरताचा दोरा यंत्रात मिनिटाला शेकडो टाके झेलतो, तापून तुटू नये म्हणून त्याला गुळगुळीत करणारं द्रव्य लावलेलं असतं, बऱ्याचदा सिलिकॉनचं. मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगते की या दोऱ्याला गाठ टिकत नाही, निसटतो. इपॉक्सी त्याच कारणाने निसटली. बावीस वर्षांचा तोरा तीन कड्यांत उतरला.

तिन्ही कापून काढल्या. यावेळी हेअर ड्रायर, ब्लेड पायावर.

शुक्रवार, ८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

रॉडचा खरा दोरा आणला, ए साइझ, तीन रिळं ६९०. डी साइझ जाड असतो, बोटीवरच्या जड रॉडला ठीक, इथे नुसतं वजन आणि इपॉक्सी खाणार.

साधा नायलॉन आणि रंग टिकवणारा नायलॉन यांतला फरक फोटोत कळत नाही, म्हणून जुन्या ब्लँकच्या तुकड्यावर दोन्ही गुंडाळून इपॉक्सी लावली. साधा डाळिंबी दोरा भिजल्या कापडासारखा पारदर्शक झाला, खालचा काळा ब्लँक वर आला आणि रंग जवळजवळ वांग्याचा. एनसीपी (म्हणजे रंग टिकवणारा) लिहिलेला दोरा होता तसाच डाळिंबी, पण थोडा मातकट, कापडी. साध्या दोऱ्यावर आधी कलर प्रिझर्व्हर लावून रंग राखता येतो, पण मग इपॉक्सी दोऱ्याच्या आत मुरत नाही, वर बसते. मला पकड हवी होती. अंगावर साधा दोरा घेतला, वांगी तर वांगी. उन्हात धरला की आतून लाल चमकतो, तो मला आवडला. दोन्ही टोकांना एनसीपीच्या मोतिया रंगाचे सहा-सहा वेढे, पैठणीच्या काठासारखे. जरीचा धागा घालायचा मोह झाला आणि घातलाही, तो वळसे घेतो, चपटा राहत नाही, दोनदा तुटला. काढून टाकला.

नऊ कड्यांना दोन संध्याकाळी. शेवटची १८ मिनिटांत झाली. उडलेले बारीक तंतू लायटरच्या ज्योतीने झटकन जाळायचे. एका ठिकाणी माझी झटकन थोडी सावकाश झाली आणि चार वेढे जळून सुटले. पुन्हा पहिल्यापासून.

कड्या रेषेत आल्या का हे टोकाकडून नेम धरून बघायचं, मुठीकडून नाही. आणि रात्री डोळे थकल्यावर बघायचं नाही. सकाळी बाबांनी बघितलं तर सहावी कडी स्पष्ट डावीकडे. "ही कोणाक बघता गो?"

रविवार, १७ ऑगस्ट

आज पहिला हात. इपॉक्सीचे दोन भाग सारख्या घनमानाने, वजनाने नाही. मागच्या वेळेसारख्याच मेडिकलमधून पाच मिलीच्या सिरिंज आणल्या, ढवळलं, लावलं. पुन्हा चार-पाच खड्डे! या वेळी दोरा स्वच्छ. रॉड हातात घेऊन जमिनीवर बसले होते, रडायचीच बाकी होते. मग सिरिंजचा दट्ट्या बाहेर काढून रबर बोटाने चोळला तर बुळबुळीत. दट्ट्या सरकावा म्हणून त्यालाही सिलिकॉन लावलेलं असतं. म्हणजे मागच्या वेळी सगळा दोष दोऱ्याचा नव्हता, दोघांनी मिळून मारलं.

खड्डे असलेल्या दोन कड्या लगेच स्पिरिटने पुसून घेतल्या. मोजायला खोकल्याच्या औषधाच्या दोन टोप्या घेतल्या, त्यांवर मिलीच्या खुणा असतात. साबणाने धुवून, सुकवून, दोन भाग दोन टोप्यांत. तेव्हापासून एकही खड्डा नाही.

बुडबुडे ज्योतीने घालवतात, इपॉक्सी क्षणभर पातळ होते आणि हवा निघून जाते. मी देवघरातलं निरांजन घेतलं. तुपाची ज्योत शुद्ध असते, पण काजळी तिलाही असते. २५ नंबरच्या कडीवर काळे ठिपके आतच गाडले गेले. प्रिन्सेस स्ट्रीटहून प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा आणला, १८०.

इपॉक्सी सुकेपर्यंत रॉड फिरत ठेवावा लागतो, नाहीतर ती एका बाजूला लोंबते. मोटर माळ्यावर होती : गणपतीच्या मागे फिरणाऱ्या चक्राची. मिनिटाला बारा फेरे, मोजले. सुरू केल्यावर ती कधी उजवीकडे फिरते, कधी डावीकडे, तिच्या मनावर, पण त्याने काही बिघडत नाही. रॉड मात्र तिला जड झाला, मधे लोंबून थांबायची. खोक्याला व्ही आकाराच्या खाचा कापून फेल्टचे तुकडे लावले आणि तीन ठिकाणी रॉड टेकवला. मग रात्रभर फिरली.

बुधवार, २० ऑगस्ट

दोन दिवसांचा पाऊस सगळ्या मुंबईने पाहिला. इपॉक्सी ६० तासांनीही चिकट, वर दुधी साय आलेली. ३२० रुपयांचं आर्द्रतामापक आणलं तर खोलीत ९१ टक्के. पहिला हात लावला तेव्हाही असंच असणार. ओल्या हवेत इपॉक्सीचा कडक करणारा भाग हवेतल्या बाष्पाशीच सलगी करतो.

चिकट जागा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसल्या, साय निघाली. पातळ पॉलिश पेपर फिरवला, दोऱ्यापर्यंत जाऊ न देता.

रविवार, २४ ऑगस्ट

२७ ला गणपती. भाऊ चक्र न्यायला सकाळी दारात. त्याला चहा पाजून एक रात्र मागून घेतली. बेडरूम बंद, एसी ड्राय मोडवर तीन तास, मापक ५७ टक्क्यांवर आलं तेव्हाच दुसरा हात लावला. पातळ, जेमतेम दोरा बुडेल इतका. पहिला हात मी जाड दिला होता, कडीखाली अंड्यासारखा फुगवटा दिसत होता. पहाटे चार वाजता बघितलं तर कोरडा, काचेसारखा. सात वाजता मोटर सोडून धुवून भावाच्या पिशवीत टाकली. विजेचं बिल आईने अजून बघितलेलं नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

हिशेब. ब्लँक ५,२००, मूठ आणि रीलसीट १,४००, कामी आलेल्या कड्या ३,१५०, स्वस्त सेट ७८०, पाच नंबरच्या १,१००, रॉडचा दोरा ६९०, भरताचा ७०, इपॉक्सी १,२५०, लुअर ६५०, दिवा १८०, मापक ३२०. एकूण १४,७९०. त्यातले २,६०० सरळ पाण्यात किंवा बरणीत. एवढ्यात दुकानातले दोन बरे रॉड आले असते. वेळ मोजला नाही, पण दोन ब्लाउज ठरल्या दिवशी देता आले नाहीत.

रविवार, १४ सप्टेंबर, मढ

पाचला पोचलो, खडक अजून निसरडे म्हणून खाली उतरलो नाही. डबल युनी गाठ, तीसेक फेका, एकदाही खट्ट नाही. सातव्या की आठव्या फेकेला करकरा लागला, पाऊण किलोच्या आतला, बाहेर काढल्यावर करकर करत राहिला. बाबांनी रॉड वाकलेला असताना मासा नाही, दोरी बघितली. म्हणाले काही नाही, फक्त पुढची फेक स्वतः मागून घेतली आणि मग दोन तास परत दिला नाही.

घरी गोड्या पाण्याने धुताना २५ नंबरच्या कडीच्या वरच्या पायाच्या टोकाशी इपॉक्सीत केसाएवढी आडवी रेघ सापडली. नेमका तोच पाय, ज्याची पायरी घासायला मी कंटाळा केला होता. नख लागत नाही अजून. मार्करने दोन्ही टोकांना ठिपके दिलेत, रेघ त्यांच्या बाहेर गेली की ती कडी पुन्हा काढणार. डाळिंबी दोरा अर्धं रीळ उरलाय.